खाऱ्या टाकीचा खुलासा

तात्या, आज सकाळी अकरा वाजता टाकीचं पाणी सव्वीस अंशांवर होतं. तुम्ही आला असता तर दारात चपला काढतानाच पहिलं ते विचारलं असतं, म्हणून आधी तेच सांगते. हवेचा पंप नीट चालला आहे. पाणी बोटभर उतरलं होतं, तेवढं डिस्टिल्ड वॉटर घातलं. शंखातल्या खेकड्याने शंख बदलला.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. तुमचा जन्म, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं शोकसभेत वाचून झालं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मला तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत, तीही मी लिहीन. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, कष्टाळू होते, असं त्यात येईल. हे लिखाण त्यासाठी नाही. तुम्हाला सांगायचं राहून गेलेलं एक वाक्य आहे. ते लहान आहे, पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय ते कुठे ठेवायचं हे मला कळत नाही.

मी पुण्याहून बारामतीला शिकवायला आले, तेव्हा मुलांना समुद्रातला प्राणी म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरणीतला पांढरा गोळा एवढंच माहीत होतं. एका मुलीने मला विचारलं, समुद्रफूल जर फुलासारखं दिसतं तर हे असं चिंधीसारखं का आहे? मी त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत म्हणाले की आपण खाऱ्या पाण्याची जिवंत टाकी करायची. माझे दोन्ही सहकारी हसले. बारामतीत समुद्र! तुम्ही बाकांवरच्या काचपट्ट्या गोळा करत होता. तुम्ही हसला नाहीत. एवढंच विचारलंत, "पाणी कुठलं आणायचं?"

मी जरा शहरी ऐटीत विचारलं, "तात्या, समुद्र बघितलाय का कधी?"

"बघितलाय की. तुमच्या आधी."

मग तुम्ही सांगितलंत. तुमचं घर वरकुट्याचं, मेंढरांवर जगणारं. तुमच्या लहानपणी दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा अख्खा तांडा, घोड्यांवर बिऱ्हाड टाकून घाट उतरायचा आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत कोकणात राहायचा. भातशेतीत मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं, पुढे सरकायचं. तुमच्या वडिलांनी पुढे मेंढरं विकली, पाट आला, शेती आली, तुम्ही कॉलेजात लागलात. पण ओहोटीला खडकांमधल्या डबक्यात काय काय उरतं, हे तुम्ही दहा वर्षांचे असताना पालथं पडून पाहिलं होतं. मी तेच एम.एस्सी.ला पुस्तकात वाचलं होतं. ही गोष्ट मी तेव्हा फारशी मनावर घेतली नाही.

टाकी चार फुटांची झाली. काच गावातल्या फोटोफ्रेमवाल्याने कापली, चिकटवली आपण दोघांनी. तळाला भोकांची जाळी, तिच्यावर वाळू, पंपाची हवा त्यातून पाणी खेचणार. भाजीपाला घेऊन रत्नागिरीला जाणारा तुमच्या भाच्याचा टेम्पो येताना रिकामा यायचा, त्यात आठ कॅन समुद्र आला. जिवंत खडक, म्हणजे जीव वस्तीला असलेले दगड, आपण विद्यार्थ्यांच्या सहलीत ओहोटीला वेचून आणले. बटणाएवढ्या हिरवट तोंडांच्या चिमुकल्या प्राण्यांची एक वसाहत, दोन समुद्रफुलं, पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे, खेकडे, आणि मुठीएवढं तपकिरी जिवंत प्रवाळ. ते प्रवाळ तुम्ही शोधलंत. एसटीत सबंध रस्ताभर कॅन मांडीवर धरून बसला होता. आज मी ते समुद्रातून उचलणार नाही. तेव्हा उचललं.

पहिलं वर्ष लोकच लोक आले. कऱ्हाटीहून, सणसरहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शाळा यायच्या, मागोमाग त्यांचे आईबाप. सणसरचे एक आबा टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि तुम्हाला म्हणाले, "आमची रानं खारवून गेली म्हणून आमी रडतोय, आन् तुमी हितं खारं पाणी इकत आणून ठेवलंय व्हय?" तुम्ही म्हणालात, "आबा, ह्ये गोडं झालं तर आमी रडतो." ते आबा जाताना टाकीला हात जोडून गेले. पुढचे आठ दिवस मी ते वाक्य स्टाफरूममध्ये सांगत होते, जणू ते मलाच सुचलं होतं.

आता त्या जानेवारीकडे येते.

बारामतीतला उन्हाळा आपण ओल्या गोणपाटांनी आणि टेबलफॅनने निभावला होता. हिवाळ्यासाठी दोन काचेचे हीटर होते आणि त्यांना चालू-बंद करणारा एक थर्मोस्टॅट. त्याच्यावर लाल दिवा. पाणी गार झालं की दिवा लागायचा, गरम झालं की विझायचा. एका सोमवारी तुम्ही मला हाक मारलीत.

"बाई, ह्यो दिवा लवकर इझत न्हाय."

तुम्ही झाकण काढलं होतं. आतले पॉइंट काळे पडले होते. तुम्ही पॉलिश पेपरने घासून ते साफ केलेत आणि म्हणालात, "आज चालंल. पर नवा घ्या. ह्यो एक दिवस चिकटून बसणार."

मी म्हटलं, नवा घ्यायचा तर तीन दुकानांची कोटेशनं लागतील, प्राचार्यांची सही लागेल, प्रात्यक्षिक परीक्षा संपू दे. तुम्ही मान हलवलीत. शनिवारी पुन्हा विषय काढलात. संक्रांतीची दोन दिवसांची सुट्टी रविवारला जोडून आली होती, प्रयोगशाळा तीन दिवस बंद राहणार होती.

"मी जाताना हीटरची पिन काढून ठिवतो, बाई."

"अजिबात नाही. बाहेर दहा अंश आहे. प्रवाळ मरेल."

"गारठ्यानं तीन दिसात मरत न्हाय. कढलं तर मरतंय."

"तात्या, मी सांगते ना."

तुम्ही पिन तशीच ठेवलीत. मी स्वतः कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या घरी आलात. सायकल भिंतीला लावली, आत आला नाहीत. "बाई, चला," एवढंच म्हणालात. वाटेत मी दोनदा विचारलं काय झालं म्हणून. तुम्ही म्हणालात, "बघाल की." प्रयोगशाळेच्या जिन्यातच वास आला. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं. तापमापी सदतीसवर. लाल दिवा अजून जळत होता असं तुम्ही म्हणालात. पिन तुम्ही आल्या आल्या काढली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता. चारही मासे वर तरंगत होते. समुद्रफुलं विरघळून दोरीसारखी लोंबत होती. बटणांची वसाहत मिटून काळी पडली होती. आणि प्रवाळ चुन्यासारखं पांढरं.

मी बाकावर बसले. मला त्या वेळी वाईट वाटलं असं म्हणायला मी तयार नाही. मी मनात एकच हिशोब करत होते: कोणाला काय माहीत आहे? सोमवारचं बोलणं आपल्या दोघांतलं होतं. शनिवारचंही.

तुम्ही बाह्या सरसावून मासे काढायला लागला होता.

प्राचार्य दुपारी येऊन गेले. टाकी त्यांची लाडकी होती. कॉलेजात कोणीही पाहुणा आला की आधी तिच्यासमोर आणायचे. त्यांनी नाकाला रुमाल लावून सगळं पाहिलं आणि विचारलं, "उपकरणांची जबाबदारी कोणाची?" नियमाप्रमाणे ती परिचराची. दुसऱ्या दिवशी तुमच्या नावाने मेमो आला: तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

तुमचे सगळे अर्ज मीच लिहून द्यायची. रजेचे, मुलाच्या फीमाफीचे. हाही कागद घेऊन तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. मी लिहायला बसले. थर्मोस्टॅट हे जुने उपकरण होते. सुट्टीच्या काळात ते आपोआप बिघडले. त्यात माझा कोणताही हेतुपुरस्सर निष्काळजीपणा नाही. प्रत्येक शब्द खरा होता. मी वाचून दाखवलं. मग विचारलं, "अजून काही लिहू का, तात्या?"

मी तो प्रश्न का विचारला याचा मी गेली चार वर्षं विचार करते आहे. तुम्ही सांगितलं असतंत तर मी लिहिलं असतं, असं मला वाटतं. तुम्ही सांगावं अशी माझी इच्छा होती, हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. तुम्ही माझ्याकडे नाही, टाकीकडे बघत होता.

"बास की, बाई. पाणी बघू आता."

सही केलीत. मी कागद ऑफिसात पाठवला.

आणि मग आपण खरंच पाणी बघायला लागलो. त्या दिवसांबद्दल मला जे काही आठवतं त्यात तक्रारीची जागा नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट केलेलं काम ते होतं, आणि ते मला तुम्ही करायला लावलंत.

माझं म्हणणं होतं की सगळं उपसा, वाळू उकळा, दगड घासून वाळवा, जूनमध्ये नव्याने सुरू करू. तुम्ही नाही म्हणालात. तुमचं म्हणणं, वाळूत आणि दगडांत अजून काहीतरी जिवंत असणार, ते उकळलं तर पुन्हा सगळं शून्यापासून. पुस्तकाने हेच सांगितलं असतं. मी त्या आठवड्यात पुस्तक उघडलं नव्हतं. जिन्याखाली आपण दोन कॅन जुनं समुद्राचं पाणी राखून ठेवलं होतं. मेलेलं सगळं चिमट्याने वेचून काढलं, एक तृतीयांश पाणी उपसलं, ते दोन कॅन ओतले. दगड काढून एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवले. एकेक दगड तुम्ही नाकाशी धरायचात. सडका वास आला की बाजूला, समुद्राचा वास आला की परत पाण्यात. मी म्हटलं हे काही शास्त्रीय नाही. तुम्ही दगड माझ्या नाकाशी धरलात. फरक कळत होता.

शुक्रवारी भाचा आठ कॅन घेऊन आला. मी खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर सोडला तर तो खाली बुडाला. पाणी फिकं होतं. तुम्ही बोट बुडवून जिभेला लावलंत आणि त्याच्याकडे वळलात.

"खाडीच्या तोंडाचं भरलंस व्हय रं?"

"मामा, गाडी तितंच उभी राहती. पुढं सगळा खडक हाय."

"आन् ओहोटीला भरलंस."

 तुम्ही ते पाणी एक थेंबही टाकीत पडू दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकलीत, त्याच्याच टेम्पोत बसून गेलात आणि तिसऱ्या दिवशी आलात. भरती पूर्ण चढेपर्यंत तुम्ही खडकावर बसून राहिला होता, मग बाहेरच्या अंगाला छातीभर पाण्यात उतरून एकेक कॅन भरला, असं भाच्याने सांगितलं. पंचावन्न वर्षांचा माणूस. तुम्हाला पोहता येत नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हायड्रोमीटर हवा तिथे थांबला. मी तुम्हाला आभाराचा एक शब्द बोलले का, ते आठवत नाही. बहुधा पाणी चांगलं आहे असं म्हणाले असेन.

पुढे रोज सकाळी तुम्ही परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन रसायनशास्त्राकडे जायचात. तिथल्या द्रावणाचे चार थेंब पडले की पाण्यातला अमोनिया पिवळा रंग द्यायचा. परत येऊन दारातूनच सांगायचात. आज हळदीवाणी. आज हळदीवाणीच. आज थोडी उतरलीय. आज लिंबाच्या सालीवाणी. एका सकाळी थेट आत येऊन नळी माझ्यासमोर उभी धरलीत. पाणी नितळ होतं. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं, पाठीमागे पांढरा कागद धरून पाहिलं. नितळच.

त्यानंतर चार दिवसांनी बटणांच्या वसाहतीतली तीन तोंडं उघडली. मग अकरा. मग मोजायचं सोडून दिलं. दगडाच्या फटीतून एक खेकडाही बाहेर आला, त्याला आपण मेलेलाच धरून चाललो होतो. तुम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ नमस्कार करायला लागलात.

प्रवाळ मात्र पांढरंच राहिलं. महिन्याने मी ते बाहेर काढून भिंगाखाली पाहिलं, काही दिसलं नाही. मी लेबल लिहिलं: प्रवाळ, सांगाडा. संग्रहालयाच्या कपाटात ठेवायला तुमच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर ते परत टाकीत, मागच्या कोपऱ्यात, उजेडापासून जरा आडोशाला. लेबल तुम्ही खिशात ठेवलं होतं.

"तात्या, ते मेलंय."

"असंल. राहू दे की पर."

"कशासाठी?"

तेव्हा तुम्ही मला घाटातली गोष्ट सांगितलीत. एका वर्षी उतरताना तीन मेंढरं रोगाने बसली. वाडा थांबवता येत नव्हता, वडिलांनी ती तिथेच सोडली. दुसऱ्या दिवशी मुक्कामावर त्यातलं एक आपल्या पायांनी चालत आलं.

"आणि दोन?" मी विचारलं.

"दोन न्हाय आली."

तुम्ही गोष्ट तिथेच संपवलीत. मीही पुढे वाद घातला नाही. प्रवाळ कोपऱ्यात राहिलं.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. त्या वर्षी तुम्हाला परिचरावरून प्रयोगशाळा सहायक करायचा प्रस्ताव जायचा होता. मीच तो तयार केला होता. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, यंदा नको. खुलासा ताजा आहे. पुढच्या वर्षी पाहू." मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. सोमवारी तात्यांनी मला सांगितलं होतं सर, आणि शनिवारी पुन्हा, आणि पिन काढायला मी अडवलं. एवढं बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. माझी स्वतःची कायम होण्याची फाईल त्याच टेबलावर होती. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले.

पुढच्या वर्षी प्राचार्य बदलले, मग पद गोठवलं गेलं, मग तुम्ही निवृत्त झालात. परिचर म्हणून लागलात आणि परिचर म्हणूनच गेलात. प्रस्ताव का गेला नाही, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत.

मे महिना कठीण गेला. दुपारी तीन-तीन तास वीज नसायची. तुम्ही ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप जोडला होता, गोणपाटं दर तासाला भिजवत होता. जूनमध्ये कॉलेज उघडलं, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या तासाला दारात येऊन उभे राहिलात. तास चालू असताना तुम्ही कधीच यायचा नाहीत. मी खडू ठेवून आले.

प्रवाळाच्या खालच्या बाजूला, सावलीत, मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता.

 तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता. आणि मी म्हणाले, "नवं असेल. तुम्ही आणलेल्या पाण्यातून एखादी अळी येऊन बसली असेल. जुनं मेलंच होतं."

"जुनंच हाय त्ये, बाई."

"कशावरून?"

"दुसरीकडं बसाय जागा काय कमी हाय का? त्याच दगडावर का यील?"

"हा पुरावा नाही, तात्या."

"तुमी म्हणता तसं."

हा वाद आपण पुढे चार वर्षं चालवला, हसत हसत. निवृत्तीनंतर तुम्ही बाजाराच्या दिवशी बारामतीला आलात की प्रयोगशाळेत डोकवायचात, आधी तापमान विचारायचात, मग प्रवाळाकडे बोट करून म्हणायचात, "काय म्हणतंय जुनं?" मी म्हणायची, "नवं छान आहे." विद्यार्थ्यांना ही गंमत वाटायची.

आता ऐका. त्या जूनमध्ये, तुम्ही गावी गेला होता त्या एका रविवारी, मी प्रवाळ काचेच्या पसरट भांड्यात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. डाग एका ठिकाणी नव्हता, चार ठिकाणी होता, आणि चारही ठिकाणी तो जुन्या घरट्यांच्या तळातून वर येत होता. बाहेरून आलेली अळी दगडाच्या वर बसते. ती चार जुन्या घरांच्या तळघरातून एकाच आठवड्यात उगवत नाही. ते जुनंच होतं. वरचं सगळं गेल्यावर ते आत खोल राहून तगलं होतं. मी त्याचं रेखाचित्रही काढलं, व्यवस्थित, शेंड्यापासून तळापर्यंत. ते माझ्या कपाटात आहे. तुम्हाला दाखवलं नाही.

का, ते आता कळतं. तुम्ही बरोबर होता, असं एकदा प्रवाळाबद्दल म्हटलं असतं तर दुसऱ्यांदा त्या पिनेबद्दलही म्हणावं लागलं असतं. पहिल्याला काही मोल पडत नव्हतं. दुसऱ्याला पडलं असतं.

तुम्ही मनात काय धरून होता हे मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. तुम्ही मला माफ केलंत असं समजणं सोयीचं आहे, म्हणून मी ते समजत नाही. सहा-सात वर्षं तुमच्याबरोबर एका टाकीवर वाकून काम केलं. पाण्यात हात घालण्याआधी साबण पुरता धुवायचा, घाईने काही ओतायचं नाही, पाणी बदलल्यावर दोन दिवस नुसतं बघत बसायचं, हे सगळं मी तुमच्याकडून शिकले आणि मुलांना माझं म्हणून शिकवते. हेही सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी मी ऑफिसात एक अर्ज दिला. त्यात सोमवारचं आणि शनिवारचं बोलणं लिहिलं, पिन काढायला मीच मनाई केली हे लिहिलं, आणि हा कागद तुमच्या खुलाशाला जोडावा अशी विनंती केली. हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता तर माणूसच नाही. फाईल बंद आहे. काय उपयोग?" मी म्हटलं, जोडा. नव्या प्राचार्यांनी वाचून खाली "पाहिले" असं लिहून सही केली. मला काही विचारलं नाही. एवढ्यावर ते आटोपलं.

अर्जाची कार्बन कॉपी घेऊन मी काल वरकुट्याला गेले. तुमचा मुलगा पाण्याच्या पाळीवर रानात गेला होता. हौसामावशी ओसरीवर मटकी निवडत बसल्या होत्या. तुमच्या बायकोशी मी आधी दोनदाच बोलले असेन. त्यांनी मला पोत्यावर बसवलं. मी त्यांना सांगायला सुरुवात केली की तात्यांना मिळालेला तो मेमो...

"मेमो म्हंजी काय?" त्यांनी विचारलं.

तुम्ही घरी सांगितलंच नव्हतं. मेमो नाही, खुलासा नाही, हुकलेली बढती नाही. मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. पिन कुठली, दिवा कुठला, ते प्राचार्यांच्या टेबलापर्यंत. त्या मटकी निवडायच्या थांबल्या नाहीत. मग मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून मी वाचून दाखवला.

वाचून झाल्यावर त्यांनी मटकीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मंग तवा सांगायचं की, बाई."

आवाजात राग नव्हता.   मी कागदाची घडी घालायला लागले.

"थांबा," त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. "त्यात त्यांनी आधी सांगितलं व्हतं असं कुठं लिवलंय, तेवढंच परत वाचा."

मी घडी उघडली आणि ती ओळ परत वाचली. थर्मोस्टॅट बदलावा असे त्यांनी मला आठवडाभर आधी सांगितले होते व त्यांचे म्हणणे बरोबर होते.

"आनखी एकदा," मावशी म्हणाल्या.

मी आणखी एकदा वाचली.